संसार मागें जोडून : नांदेड ते लातूर

मार्गशीर्ष महिन्यांत नांदेडाहून लातुरास मोटारीनें जाणाऱ्यानें घाई करूं नये. रस्ता तसा घाईस उत्तेजन देणाराच आहे. तुळजापुराहून निघून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड अशीं गांवें जोडीत यवतमाळ-वर्ध्याकडे गेलेला हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग अलीकडे चांगला रुंद झाला असून, १५० किलोमीटरांच्या आंतलें हें अंतर सकाळचा चहा घेऊन निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणापूर्वीं सहज कापूं शकतो. परंतु या दिवसांत त्या रस्त्यावर जें चाललेलें असतें तें पाहावयाचें असेल, तर त्यास सबंध दिवस द्यावा. कारण या काळांत इकडे जो तो कांहीं तरी ओढीत असतो. ट्रॅक्टरामागें उसानें भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या असतात, बैलांमागें टायरगाड्या असतात, आणि माळेगांवच्या जत्रेला निघालेल्यांच्या मागें सगळें बिऱ्हाड असतें.

आमचा हा प्रवास नांदेडच्या एका स्नेह्यांमुळें घडला. नोकरींतून मोकळे झाल्यापासून त्यांना एका नव्या छंदानें घेरलें आहे. ज्योतिर्लिंगें पाहावयाचीं, कन्याकुमारी पाहावयाची. परंतु हॉटेलांतल्या खोल्या नकोत आणि दोन दिवसांवर बाहेरचें अन्नही नको. तेव्हां चाकांवर बसविलेलें एक लहानसें घर मोटारीमागें जोडावें, त्यांत निजण्याची, रांधण्याची व पूजेची सोय असावी, आणि वाटेल तेथें मुक्काम करावा, असा त्यांचा बेत आहे. वहिनींची त्यास नुसती संमतिच नव्हे, तर बरोबर न्यावयाच्या सामानाची यादीही तयार आहे. घर कोणत्या नमुन्याचें घ्यावयाचें तें ठरलें होतें. तें ओढावयास कोणती पिकअप गाडी घ्यावी, एवढाच काय तो प्रश्न उरला होता. आमच्या मतें सगळी गोम त्या ‘एवढाच’ शब्दांत होती. म्हणून आम्हीं त्यांस सुचविलें कीं, दुकानांतील चकचकीत गाड्या पाहण्याआधीं एक दिवस हा रस्ता पाहावा. वहिनींसह ते आनंदानें आमच्याबरोबर निघाले.

अशा घराची हौस मूळची विलायती. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका लेखक गृहस्थांनीं १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाचें फिरतें घर बांधवून घेतलें. वजन सुमारें दोन टन, आणि ओढावयास दोन घोडे. त्यांचा एक नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढें जाऊन समोरून येणाऱ्यांस सावध करीत असे. मोटारी आल्या तेव्हां घोडे गेले आणि तो तीनचाकी नोकरही गेला. त्याची गरज मात्र गेली असें म्हणवत नाहीं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें, तेव्हांपासून या घरांचें नांव मराठी वर्तमानपत्रांतून अधून मधून दिसूं लागलें आहे. तरी ज्यांच्या आजीनें छत घातलेल्या दमणींतून माहेरचा प्रवास केला, त्यांना चाकांवरच्या घराचें एवढें अप्रूप वाटूं नये.

गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हां नदीवर धुकें होतें. ज्या नगरींत १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवला, त्या नगरीस पंजाबाहून हजारों कोसांची वाट तुडवून लोक येत आले आहेत. महाराजा रणजितसिंगांनीं बांधविलेल्या सचखंड गुरुद्वाराचे सुवर्णकळस आम्ही आदल्या सायंकाळींच पाहून घेतले होते. त्यामुळें सकाळचा वेळ नांदेडांत न घालवितां सरळ लोह्याची वाट धरली. दोहों बाजूंस तुरीचीं शेतें पिवळीं झालीं होतीं आणि हरभरा वीतभर वर आला होता. लोह्यापर्यंत सांगण्यासारखें दुसरें कांहीं घडलें नाहीं.

लोहा मागें टाकलें कीं माळेगांव येतें. येथील खंडोबाची जत्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते आणि जनावरांच्या बाजाराकरितां ती दूरवर प्रसिद्ध आहे. घोडे, गाढवें, उंट, बैल यांचे वेगवेगळे तळ पडतात. पलीकडे तमाशाच्या राहुट्या, भांड्यांचीं व घोंगड्यांचीं दुकानें. वहिनी घोंगड्यांकडे गेल्या. आम्ही दोघे बैलांत शिरलों. येथें दोन जातींचें राज्य. एक लाल कंधारी : अंगानें गर्द तांबडा, बांध्यानें मजबूत, ओझ्याच्या कामास तयार. ज्या कंधारच्या नांवानें तो ओळखला जातो तें गांव येथून जवळच आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचें, खंदक असलेल्या भुईकोट किल्ल्याचें. ज्यास वेळ असेल त्यानें तो किल्ला अवश्य पाहावा. आमचा मात्र बैलांपाशींच पाय अडकला. दुसरी जात लातूर जिल्ह्यांतील देवणीची. हा बैल पांढरा. परंतु तोंडाचा कांहीं भाग काळा असला तर वानेरा, अंगाच्या खालच्या भागीं काळे ठिपके असले तर बालंक्या, आणि सर्वांगावर काळे पट्टे वेडेवांकडे विखुरले असले तर शेवेरा, असे त्याचे तीन भेद येथील पोरसुद्धां लांबून ओळखतें. देवणी गाय दुधासही चांगली, म्हणून घरोघर तिचें कौतुक अधिक.

आमच्या स्नेह्यांचें लक्ष अर्थातच अंगापिंडानें मोठ्या बैलांकडे. एका तांबड्या जोडीपुढें ते थबकले आणि ‘ही जोडी किती ओझें ओढील?’ असें त्यांनीं मालकास विचारलें. मालक म्हातारे, डोक्यास पटका, हातांत विडी. त्यांनीं आकडा सांगितला नाहीं. म्हणाले, “मालक, चढावर कोनताबी बैल वढतंय. उतारावर भरली गाडी मागून रेटाया लागली म्हंजी मान घट करून थोपवतंय का, ते बगा. न्हाई थोपवलं तर बैलबी जातंय अन् मानसंबी.” मग त्यांनीं जोडी जुंपून दाखविली, परंतु ती चढावर नव्हे, ओढ्याच्या उतरणीवर. भरलेली गाडी खालीं येऊं लागली तशी दोन्ही बैलांनीं मान उचलून जूं मागें रेटलें, मागचे पाय रोवले, आणि गाडी एक एक हात करीत शांतपणें ओढ्यांत उतरली. खालीं पोंचतांच मालकाच्या नातवानें चाकामागें दगडाची उटी लावली. तें सर्व इतक्या सहजतेनें झालें कीं, यांत पाहण्यासारखें काय होतें असें एखाद्यास वाटावें.

तेथेंच आणखी एक गोष्ट पाहावयास मिळाली. शेजारच्या एका गाडीवानानें कडब्याच्या पेंढ्या मागच्या अंगाला अधिक चढविल्या होत्या. बैल जुंपतांच दांड्या वर उचलल्या गेल्या, जूं मानेवरून सुटूं लागलें आणि जुपण्यांनीं जनावरांचे गळे आंवळले. म्हाताऱ्यानें दुरूनच ओरडून सांगितलें, “आरं, उलाळ झालीय गाडी!” उलाळ हा शब्द आमच्या शहरी मंडळींतून जवळजवळ गेला आहे. मागें अधिक ओझें पडून पुढून वर उठणारी गाडी ती उलाळ. याच्या उलट फारच पुढें ओझें भरलें तर बैलांच्या माना दबतात व ते लौकर थकतात. ओझें आंसाच्या किंचित् पुढें असावें, म्हणजे जूं मानेवर बसतें पण मानेस मोडीत नाहीं. हें त्या गाडीवानास पेंढ्या दोन वेळां हलवून साधलें.

बाजाराबाहेर चहाच्या टपरीवर बसून आम्हीं स्नेह्यांच्या पिकअपचा हिशेब मांडला तो याच दोन गोष्टींवर. मोटारीच्या शास्त्रांत त्यांस वेगळीं नांवें आहेत, मर्म तेंच आहे. मागच्या घराचा पुढचा दांडा मोटारीच्या कडीवर टेंकतो. सामान्यतः अमेरिकेंत असा दंडक सांगतात कीं, भरलेल्या घराच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार त्या कडीवर यावा. युरोपांतील हलक्या बांधणीच्या घरांस याहून कमी भार पुरेसा मानतात. भार फारच कमी झाला, म्हणजे घर उलाळ झालें, तर तें वेगांत शेपटीसारखें डावीउजवीकडे हेलकावूं लागतें, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होत जाऊन शेवटीं ओढणाऱ्या गाडीसही घेऊन पडतो. बैलगाडीची उलाळ ताशीं चार किलोमीटरांच्या चालीनें होत असल्यामुळें ओरडून सांगण्यास वेळ मिळतो. मोटारीची उलाळ ताशीं ऐशीं किलोमीटरांवर कळते. असा झोला बसूं लागलाच तर गडबडून ब्रेकवर पाय मारूं नये, गति वाढवून तो मोडण्याचाही यत्न करूं नये. पाय उचलून गति आपोआप कमी होऊं द्यावी, सुकाणूचें चाक सरळ धरून ठेवावें, आणि मागच्या घराचा ब्रेक हातानें वेगळा लावतां येत असेल तर तेवढाच हळूच लावावा.

आतां त्या १० टक्क्यांची गंमत पाहा. समजा, भरलेलें घर १५०० किलोचें आहे. म्हणजे १५० किलो भार कडीवरून पिकअपच्या पाठीवर आला. घरांतलीं चार माणसें मिळून २८० किलो धरूं. पिकअपमध्यें ठेवलेलें सामान १०० किलो. एकूण ५३० किलो झाले. गाडी घेतांना मनुष्य ‘ही किती ओढते?’ एवढेंच विचारतो. परदेशांत इसुझूच्या डी-मॅक्स जातीच्या किंवा टोयोटाच्या हायलक्स जातीच्या गाडीस ३५०० किलोपर्यंतचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची मुभा असते, हें वाचून आमचे स्नेही हरखून गेले होते; १५०० म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी! परंतु ओढण्याची मर्यादा वेगळी आणि पाठीवर घेण्याची वेगळी. पाठीची मर्यादा म्हणजे गाडीच्या एकूण परवानगीच्या वजनांतून तिचें स्वतःचें वजन वजा केलें असतां उरतें तें. त्यांतच माणसें, सामान, टपावरचा कॅरियर आणि कडीवरचा भार हीं सर्व बसवावयाचीं. बहुतेक कुटुंबांची ओढण्याची मर्यादा दूरच राहते आणि पाठीची आधीं संपते. ती संपली कीं गाडी मागून बसते, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि सुकाणू ऐकेनासें होतें. शिवाय हे आंकडे देशागणिक व नमुन्यागणिक निराळे असतात. तेव्हां आपल्या हातीं जी गाडी येणार तिच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत काय लिहिलें आहे, तेवढेंच प्रमाण. विक्रेत्याचें तोंडी बोलणें या बाबतींत मुळींच धरूं नये.

वहिनी एव्हांना घोंगडें घेऊन आल्या होत्या. त्यांनीं एकच प्रश्न विचारला : पाण्याची टाकी कोठें बसवावयाची? आम्हांस तो प्रश्न फार मार्मिक वाटला. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. तें आंसाच्या मागें असलें तर सकाळीं भरून निघतांना घर उलाळ, आणि पुढें असलें तर संध्याकाळीं टाकी रिकामी झाल्यावर कडीवरचा भार उतरलेला. टाकी आंसावर असावी. आणि प्रवासांत ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवावी, कारण अर्धवट पाणी हिंदकळून आपलाच वेगळा झोला निर्माण करतें. घर बांधून देणारे कारागीर टाकी बहुधा जागा सांपडेल तेथें बसवितात. तेव्हां गाडी निवडण्यापूर्वीं घराचा नकाशा पुन्हां काढावा, असें तेथेंच ठरलें.

माळेगांव सोडून अहमदपुराच्या बाजूस लागलों. हा बालाघाटाचा मुलूख. डोंगर म्हणण्याइतके उंच नाहींत, परंतु चढउतार लांबच लांब आहेत. अशा लांब उतरणींवर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो व तापून निकामी होतो. म्हणून ज्या गिअरानें चढ चढावा त्याच खालच्या गिअरांत उतार उतरावा, इंजिनासच मागें रेटावयास लावावें. म्हाताऱ्याच्या बैलांनीं मान मागें रेटली तीच ही युक्ति. मागच्या घरास स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपांत ७५० किलोहून जड ट्रेलरास ते सक्तीचे आहेत. तेथील बहुतेक घरांत अशी योजना असते कीं, पुढची मोटार मंदावली म्हणजे मागचें घर तिला ढकलूं लागतें, त्या ढकलण्यानेंच दांडा आंत दबतो आणि घराचे ब्रेक लागतात. जितकें जोरानें ढकलील तितका ब्रेक घट्ट. अमेरिकेंत हें काम विजेनें करवितात. वेगाविषयीं तर हें नित्य ध्यानांत ठेवावें कीं, वेग दुप्पट झाला म्हणजे थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, ब्रेक लागल्यापासून तें जवळजवळ चौपट होतें.

दिवस मावळावयास आला तेव्हां उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या. ऊस दोहों अंगांस इतका बाहेर आलेला कीं मागच्या गाडीस पुढचें कांहीं दिसूं नये. कित्येकांना मागें दिवा नव्हता. हंगामाच्या आरंभीं साखर कारखाने व परिवहन खातें मिळून ट्रॉल्यांना चमकपट्ट्या लावण्याचे कार्यक्रम करतात खरे, परंतु उसाच्या मोळ्या खालपर्यंत लोंबल्या कीं पट्टी झांकली जाते. ट्रॅक्टर ओढण्यास भीमासारखा; परंतु ट्रॉलीस ब्रेक नसले तर उतारावर त्या अवजड उसास थोपविणार कोण? हा प्रश्न आमच्या स्नेह्यांनीं आपण होऊन विचारला, आणि पुढचे दहा किलोमीटर ते कांहीं बोलले नाहींत.

त्यांच्या गप्प होण्यास आणखी एक कारण झालें. त्या रांगेंत एका रिकाम्या ट्रॉलीवर ऊसतोडणी कामगारांचें बिऱ्हाड चाललें होतें. दसरा-दिवाळी झाली कीं बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हीं कुटुंबें कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागतांना परततात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणून मोजतात. ट्रॉलीवर घडवंची, पत्र्याची पेटी, चुलीस जळण, पिंपें, शेळीचें करडूं, आणि त्या सर्वांवर ताडपत्रीच्या आंत तीन पोरें व एक म्हातारी. फिरत्या घराची आमच्या स्नेह्यांना हौस. या लोकांचें तें दर सालचें जिणें. स्नेह्यांच्या घराविषयीं आम्हीं त्यांस अगदीं निक्षून सांगितलें होतें कीं, घर चालू असतां त्यांत कोणीही बसावयाचें नाहीं, निजावयाचें तर मुळींच नाहीं. कडी तुटली किंवा घर कलंडलें तर आंतल्या माणसास पट्टा नाहीं कीं आधार नाहीं. हा नियम त्या ट्रॉलीवरच्या म्हातारीस कोणी सांगावयाचा, आणि सांगून ती बसेल कोठें? मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसास निराळ्या गाडीचें भाडें परवडत नाहीं. ज्या कारखान्यांस ऊस हवा आहे त्यांनीं ऊस वाहणाऱ्या ट्रॉलींतून माणसें येऊं नयेत एवढी व्यवस्था करणें कठीण नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. एका जुन्या बसगाडीचें काम तें. वहिनींनीं काच खालीं करून मुलांना हात केला, मुलांनींही केला, आणि आम्हीं दिवे लावून, पुढचा रस्ता नीट पाहून, ती ट्रॉली ओलांडली.

लातुरांत रात्रीं मुक्काम केला व सकाळीं स्टेशन पाहावयास गेलों. हें स्टेशन पाहण्यासारखें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ओढण्याच्या शास्त्राचा विचार करणाऱ्यास तें तीर्थस्थान वाटावें. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे कर्ते इंजिनियर. कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, मग तो इंजिनाचा असो कीं वाघिणीचा, हा त्यांचा नियम. त्यामुळें हलक्या रुळांवरून पुष्कळ माल नेतां आला. १९११ सालीं ही गाडी लातुरास आली, १९२७ सालीं तिकडे मिरजेस पोंचली. हे गृहस्थ घोड्यांचेही मोठे शोकी होते आणि घोड्यांच्या संगोपनावर त्यांनीं १९२० सालीं एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. आमच्या मनांत आलें कीं, ओढणाऱ्या जनावरावर ज्याचें प्रेम आहे, त्यालाच भार कोठें किती द्यावा हें सुचत असावें.

पुढें तो रूळ रुंद झाला, आणि त्याच मार्गानें २०१६ सालच्या भयंकर उन्हाळ्यांत मिरजेहून लातुरास पाणी आलें. पहिली गाडी १२ एप्रिलास पोंचली. १० वाघिणी आणि सुमारें ५ लाख लिटर पाणी. पुढें ५० वाघिणींची गाडी येऊं लागली, म्हणजे एका खेपेस २५ लाख लिटर, अडीच हजार टन. त्या दिवसांत लातूरकरांनीं एकेक घागर कशी मिळविली तें येथें कोणास सांगावयास नको. स्टेशनावर भेटलेल्या एका वृद्ध रेल्वे-कर्मचाऱ्यांनीं आम्हांस एक गोष्ट समजावून दिली. अडीच हजार टन ओढणें हें इंजिनाचें काम खरें, पण एवढें ओझें थांबविणें एकट्या इंजिनाच्या ब्रेकाचें काम नव्हे. प्रत्येक वाघिणीस तिचा तिचा ब्रेक असतो. साऱ्या गाडीभर हवेची एक नळी जाते. नळींत हवा दाबून भरलेली असते तोंवर ब्रेक मोकळे. हवा सुटली कीं ब्रेक लागतात. म्हणून मधलीच एखादी कडी तुटली तर नळीही तुटते, हवा जाते, आणि सुटलेल्या वाघिणी व पुढचें इंजिन दोन्ही आपोआप थांबतात. वेस्टिंगहाउस नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची ही युक्ति. बिघाड झाला असतां गाडी सुरक्षित बाजूसच झुकावी, हें तिचें तत्त्व.

चाकांवरच्या घरासही अशीच एक दोरी असते. ती मोटारीच्या सांगाड्याला बांधावयाची. कडी निसटली व घर सुटलें कीं ती ताणून घराचा ब्रेक ओढते आणि मग तुटते. त्याशिवाय दोन सांखळ्या दांड्याखालीं एकमेकींस छेद देऊन बांधतात, म्हणजे दांडा निसटला तरी जमिनींत न रुततां सांखळ्यांच्या झोळींत पडतो. दोन्हींची किंमत घराच्या मानानें अगदींच किरकोळ आहे. कडी बसवितांना ती बंपरास न जोडतां गाडीच्या मुख्य पोलादी सांगाड्यास जोडली आहे ना, हें वांकून स्वतः पाहावें.

राहतां राहिली गाडीची निवड. इकडे जिकडे तिकडे दिसणारी बोलेरो पिकअप हें पाठीवर ओझें घेणारें गुणी जनावर आहे, परंतु कुटुंबासह लांबच्या प्रवासास व घर ओढण्यास तें योजलेलें नाहीं. कांदे आणि कन्याकुमारी हीं कामें वेगळीं. आपल्या देशांत घरगुती वापरास मिळणाऱ्यांपैकीं इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ सालापासून विकली जाणारी टोयोटाची हायलक्स या दोन आमच्या स्नेह्यांच्या विचारांत आहेत. दोहोंचा सांगाडा शिडीसारखा, निराळा व भक्कम. दोहोंच्या पुढच्यामागच्या चाकांतलें अंतर तीन मीटरांहून अधिक, त्यामुळें मागून झोला आला तरी त्या सहज वळत नाहींत. व्ही-क्रॉसचें इंजिन १.९ लिटरांचें, हायलक्सचें २.८ लिटरांचें, परंतु इंजिनाचा हा फरक आम्हांस तितका महत्त्वाचा वाटत नाहीं. घाट चार किलोमीटर हळू चढल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. विलायतेंतील जाणते लोक नवशिक्यास सांगतात कीं, भरलेल्या घराचें वजन ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आंत ठेवावें. तो नियम आम्हीं त्यांच्या वहींत पहिल्या पानावर लिहून दिला आहे. त्याखालीं तीन गोष्टी : पाठीची मर्यादा पुस्तकांत किती दिली आहे; ट्रेलरासाठीं ब्रेकाची व दिव्यांची जोडणी करून मिळेल काय; आणि ट्रेलराची स्वतंत्र नोंदणी व विमा, कारण कायद्याच्या दृष्टीनें मागचें घर हें वेगळें वाहन आहे.

स्नेह्यांनीं चौथी गोष्ट आपल्या मनानें घातली आहे. जो विक्रेता तितक्याच वजनाचा ट्रेलर मागें लावून अहमदपुराच्या उतरणीवरून गाडी खालीं आणून दाखवील, त्याचीच गाडी घ्यावयाची. दोघां विक्रेत्यांना त्यांनीं तसें कळविलें; एकानें हंसून विषय बदलला, दुसऱ्यानें चार दिवसांची मुदत मागितली आहे. दरम्यान वहिनींची यादी घेऊन ते एका वजनकांट्यावर जाऊन आले. तेथून आल्यापासून पाटा-वरवंटा व तांब्याचा बंब हीं यादींतून गेलीं आहेत. लोखंडी पोळपाटाविषयीं घरांत अद्याप वाद चालू आहे.